सपोर्टेड लिव्हिंगमधली गॅस सुरक्षा, ब्रिटन

सपोर्टेड लिव्हिंग ही ब्रिटनमधली राहण्याची एक सोय आहे. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, मानसिक आजार किंवा मेंदूला इजा झालेली माणसं तिथे स्वतःच्या नावावर भाडेकरार करून स्वतःच्या घरात राहतात आणि लागेल तेवढी मदत घरी येते, कुणाला दिवसाचे दोन तास तर कुणाला चोवीस तास. या घरांत बहुतेक ठिकाणी गॅसवरचा बॉयलर असतो, शेगडी असते, जुन्या घरांत भिंतीत बसवलेला गॅसचा हीटरही असतो. या सगळ्याची काळजी कुणी आणि कशी घ्यायची याची जी पद्धत तिथे कायद्याने आणि रोजच्या कामातून बसलीय तिलाच इथे गॅस सुरक्षा म्हटलंय. अवघड काय तर घर एकाचं, मदत दुसऱ्याची आणि शेगडी पेटवणारा तिसराच.

केअर होममध्ये इमारत आणि सेवा दोन्ही सहसा एकाच संस्थेकडे असतात, त्यामुळे काही झालं तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये तसं नाही. घरमालक बऱ्याचदा हाउसिंग असोसिएशन, म्हणजे नफ्यासाठी नसलेली घरं भाड्याने देणारी संस्था असते, केअर देणारी कंपनी वेगळी असते, आणि इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही केअरवर देखरेख करणारी संस्था तपासते ती त्या कंपनीची वैयक्तिक सेवा, घराचं बांधकाम किंवा बॉयलर नाही. रहिवाशाच्या स्वातंत्र्यासाठी ही विभागणी मुद्दाम केलेली आहे आणि ती चांगलीच आहे, कारण केअर कंपनी बदलली तरी माणसाचं घर जात नाही. पण गॅसच्या बाबतीत ज्या चुका होतात त्या बहुतेक या दोघांच्या मधल्या फटीतच होतात, मालकाला वाटतं स्टाफ बघत असेल आणि स्टाफला वाटतं गॅस तपासणीचं सर्टिफिकेट आलंय म्हणजे झालं.

कायद्याची मुख्य जबाबदारी घरमालकावर आहे. गॅस सेफ्टी इन्स्टॉलेशन अँड यूज रेग्युलेशन्स, १९९८ मधला ३६ वा नियम सांगतो की मालकाच्या मालकीची गॅसची उपकरणं आणि त्यांची धुराडी दर १२ महिन्यांनी तपासून घ्यायची, त्याची नोंद, म्हणजे हेच सर्टिफिकेट, भाडेकरूला २८ दिवसांत द्यायची, नवा भाडेकरू येत असेल तर तो राहायला यायच्या आधी द्यायची आणि नोंदी किमान २ वर्षं जपून ठेवायच्या. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तपासणी मुदतीच्या २ महिने आधीपर्यंत केली तरी पुढच्या वर्षीची मुदत आधीची होत नाही, मूळ तारीखच धरली जाते. अशा घरांना या सवलतीचा मोठा उपयोग होतो, कारण इथे इंजिनिअरला पहिल्या खेपेत आत घेतलं जाईलच असं नसतं. तपासणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असावा लागतो. हे रजिस्टर ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ पासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी आलं. प्रत्येकाकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला तो नेमकी कोणती कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं, मागची बाजू बघितल्याशिवाय कुणाला बॉयलर उघडू देऊ नये.

आता यातली एक मोठी गोम. मालकाची जबाबदारी मालकाच्या उपकरणांपुरती आहे. घर भाडेकरूचं, म्हणून शेगडी बऱ्याचदा त्यानेच किंवा त्याच्या घरच्यांनी विकत घेतलेली असते, आणि मग ती त्या वार्षिक तपासणीत धरलेली नसते, इंजिनिअर बॉयलर बघतो, सही करतो, कागद फाइलला लागतो आणि स्वयंपाकघरातली रोज चारदा पेटणारी शेगडी तशीच राहते. सर्टिफिकेट हातात आलं की त्यावर कोणकोणती उपकरणं लिहिलीत ते घरातल्या उपकरणांशी एकेक करून ताडून बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते केअर कंपनीच्या मॅनेजरने करायलाच हवं. कंपनीवर तशीही १९७४ च्या हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क कायद्याने जबाबदारी आहे, आपल्या स्टाफची आणि आपल्या कामामुळे ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सगळ्यांची.

दुसरी गोम झोपायच्या खोलीची. झोपायच्या खोलीत कुठला गॅस हीटर चालतो याला कडक नियम आहेत: १४ किलोवॅटच्या वरचा असेल तर तो खोलीतली हवा न वापरणारा, पूर्ण बंदिस्त प्रकारचाच लागतो आणि त्याहून लहान असेल तर एकतर बंदिस्त लागतो, नाहीतर खोलीतली हवा बिघडली की आपोआप बंद होणारा लागतो. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये खोल्यांचे उपयोग सारखे बदलतात, बसायच्या खोलीत रात्रपाळीच्या स्टाफची खाट येते किंवा जिना चढता येईना म्हणून रहिवासी खाली झोपायला लागतो आणि भिंतीतला जुना हीटर मात्र तिथेच असतो. खाट हलवायच्या आधी घरमालकाला फोन गेला पाहिजे.

सगळ्यात घातक गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. १९६७ ते १९७७ या काळात ब्रिटनने कोळशापासून केलेला टाउन गॅस सोडून नैसर्गिक गॅस घेतला. जुन्या गॅसमध्ये मुळातच कार्बन मोनॉक्साइड असायचा, नव्यात नसतो, म्हणून धोका संपला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण हवा कमी पडली किंवा धुराडं तुंबलं की नैसर्गिक गॅससुद्धा अर्धवट जळतो आणि तेच विष तयार होतं. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. निळी ज्योत पिवळी-नारिंगी व्हायला लागणं, हीटरभोवती काजळीचे डाग, पायलट (बॉयलर किंवा हीटरमधली कायम पेटती छोटी ज्योत) सारखा विझणं, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त बाष्प, ही त्याची दिसणारी चिन्हं.

त्रास काय होतो तर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा, गोंधळल्यासारखं होणं, म्हणजे सगळं फ्लूसारखंच, फक्त ताप नसतो आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं. आता ज्याला बोलता येत नाही असा रहिवासी डोकं दुखतंय हे कसं सांगणार? तो चिडतो, डोकं आपटतो, जेवत नाही, दिवसभर झोपून राहतो, आणि हे सगळं त्याच्या अपंगत्वाच्या खात्यात टाकलं जातं, कधी औषधाचा डोससुद्धा वाढवला जातो. वागण्यात अचानक बदल झाला, तोही थंडीत बॉयलर सुरू झाल्यावर, तर आधी घरातली हवा तपासा असं प्रत्येक केअर प्लॅनमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. स्टाफलाही त्याच पाळीत डोकेदुखी होत असेल तर संशय आणखी पक्का होतो.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, राहण्यासाठी वापरात असलेल्या ज्या खोलीत इंधन जाळणारं पक्कं बसवलेलं उपकरण आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो आणि हा नियम सोशल हाउसिंगच्या (कमी भाड्याची सामाजिक घरं) मालकांनाही लागू आहे, गॅसची शेगडी मात्र यातून वगळलीय. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. अलार्मची खरी परीक्षा बॅटरी संपत आल्यावर होते, तो थोड्या थोड्या वेळाने चिवचिवत राहतो, ऑटिझम असलेल्या माणसाला तो आवाज असह्य होतो, कुणीतरी रात्री दोनला बॅटरी काढतं आणि सकाळी पाळी बदलताना सांगायचं राहून जातं. म्हणून बदलायची गरज नसलेल्या सीलबंद बॅटरीचे अलार्म घ्यावेत आणि आठवड्याच्या टेस्टची वेळ रहिवाशाला आधी सांगावी. ऐकू न येणाऱ्यांसाठी लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारी चकती मिळते.

शेगडीबद्दल सगळ्यात जास्त वाद होतात. मेंटल कॅपॅसिटी ॲक्ट, २००५ (इंग्लंड आणि वेल्स) असं धरून चालतो की माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, आणि घेऊ शकत नसेल तेव्हासुद्धा त्याच्या स्वातंत्र्याला कमीत कमी धक्का लावणारा मार्ग निवडावा लागतो. त्यामुळे एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली म्हणून कायमचा गॅस कापून टाकणं चुकीचं आहे. ज्योत विझली की गॅस आपोआप थांबवणारी शेगडी मिळते. लॉकिंग कुकर व्हॉल्व्ह नावाचा एक छोटा व्हॉल्व्हही मिळतो, शेगडीकडे जाणाऱ्या पाइपवर बसतो, किल्ली फिरवली की शेगडीपुरता गॅस बंद होतो आणि बॉयलर चालूच राहतो. गॅस नेटवर्क कंपन्या, म्हणजे गॅसच्या पाइपलाइन सांभाळणाऱ्या कंपन्या, तो गरजूंना फुकट बसवून देतात. सपोर्ट वर्कर सकाळी आला की किल्ली लावायची, दोघांनी मिळून अंडी करायची, जाताना परत बंद करायचा. पण किल्ली स्टाफकडे राहणार असेल तर ते बंधनच आहे, त्याचा निर्णय लिहून ठेवावा लागतो आणि वेळोवेळी पुन्हा बघावा लागतो. काही घरमालक सरळ इंडक्शन बसवतात, तेही ठीक, फक्त पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि ज्योत बघून स्वयंपाक करायची सवय असलेल्याला नव्याने शिकवायला वेळ देऊन.

तपासणीच्या दिवशी रहिवाशाने दार उघडलंच नाही तर मालक कुलूप तोडून आत जाऊ शकत नाही. पत्रं आणि भेटी यांची नोंद ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे, शेवटी कोर्ट. एवढं ताणायची गरज सहसा पडत नाही, इंजिनिअरचा फोटो आदल्या आठवड्यात दाखवला, वेळ पाळली, ओळखीचा स्टाफ सोबत असला की बरीच दारं उघडतात.

गेल्या काही वर्षांत भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, बरीच मंडळी केअरच्या कामाला ब्रिटनमध्ये गेली. त्यांच्यासाठी एक फरक महत्त्वाचा: आपल्याकडचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, तिकडचा पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हलका, वर छताकडे जातो. मुंबई-पुण्यात पाइप गॅस वापरलेल्यांना हा माहितीचा असेल. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय असते, तिथे रेग्युलेटरच्या जागी मीटरजवळचा एक दांडा असतो, पाइपला आडवा केला की गॅस बंद. मीटर घराबाहेरच्या पेटीत असेल तर त्या पेटीची किल्ली कुठे आहे हे एजन्सीकडून एका रात्रीसाठी आलेल्या स्टाफलाही पहिल्या दहा मिनिटांत दाखवलं पाहिजे.

वास आला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, काडी पेटवायची नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, दांडा आडवा करायचा, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा, हा नंबर चोवीस तास चालू असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी हेच, आणि कुणाला त्रास होत असेल तर रुग्णवाहिकेसाठी ९९९. गॅस बंद करता आला नसेल तर माणूस १ तासात, आला असेल तर २ तासांत पोचावा असं नेटवर्क कंपन्यांचं बंधन आहे. तो गळती थांबवतो, बिघडलेल्या उपकरणावर वापरू नका अशी चिठ्ठी लावतो आणि जातो. दुरुस्ती त्याचं काम नाही, ती घरमालकाने करून घ्यायची. जानेवारीत हे झालं तर घर गारठतं, म्हणून विजेचे हीटर कुठून आणि किती वेळात येणार हे घरमालक आणि केअर कंपनीच्या करारात आधीच लिहिलेलं असावं, आणि गॅस पुरवठादाराच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर, म्हणजे जास्त मदत लागणाऱ्या ग्राहकांच्या यादीत, रहिवाशाचं नाव घातलेलं असावं.