ग्रह फुटलाच नव्हता

पणजीत जुंता हाउसच्या गच्चीवर दुर्बिणीची पाळी येईपर्यंत एक गोष्ट हमखास कानी पडते : मंगळ आणि गुरू यांच्यामधला एक ग्रह फुटला, त्याचे तुकडे म्हणजे लघुग्रह. १८०२ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्स यांनी मांडलेली ही कल्पना आज टिकत नाही. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी वस्तुमान चंद्राच्या जेमतेम ३ टक्के भरते. एवढ्यात ग्रह कुठला? गुरूच्या ओढीने तिथे तो घडूच दिला नाही.

'६७ एशिया' हा लघुग्रह त्याच पट्ट्यातला. १७ एप्रिल १८६१ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांनी तो मद्रासच्या वेधशाळेतून शोधला. आशियातून सापडलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून हे नाव. मुलांना आवर्जून सांगावे असे. सूर्याभोवतीची फेरी तो सुमारे पावणेचार वर्षांत पुरी करतो.