देवाचे प्रेम आणि तहाची भाषा: इब्री संदेष्ट्यांच्या शब्दांमागची पार्श्वभूमी

बायबलातल्या होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, एक व्यवहार नोंदला आहे. पंधरा शेकेल चांदी, एक होमर सातू आणि वर एक लेथेख सातू, एवढे देऊन संदेष्टा एका स्त्रीला सोडवून घरी आणतो. बहुतेक अभ्यासक ती त्याची पत्नी गोमरच मानतात. नाणी तेव्हा नव्हती. चांदी तागडीत तोलून देत. शेकेल साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे चांदी साधारण 170 ग्रॅम. होमर म्हणजे एका गाढवाचे ओझे. लेथेख हा शब्द इब्री (हिब्रू) बायबलात फक्त इथेच येतो. परंपरेने तो अर्धा होमर धरतात, पण जुन्या ग्रीक भाषांतरात त्या जागी सातूऐवजी द्राक्षारस आहे. बैलाने दासाला शिंगावर घेऊन मारले तर मालकाला 30 शेकेल द्यावेत, असे निर्गम 21:32 सांगते. इथे त्याच्या निम्मी चांदी आणि बाकीचे धान्य. सगळी रक्कम चांदीत जमली नसावी, असे वाटते खरे.

देव इस्राएलवर कसे प्रेम करतो, हे सांगण्यासाठी संदेष्ट्याने निवडलेले हे उदाहरण आहे. ते एवढे रोखठोक का, हे कळायला ‘प्रेम’ या शब्दाचे त्या काळातले काम पाहावे लागते.

इब्रीतला ‘अहावा’, म्हणजे प्रेम, हा शब्द घरात, शेजारात चालतो तसाच दरबारातही चालतो. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या, मिसरात सापडलेल्या अमार्ना पत्रांत राजे एकमेकांना ‘प्रेम’ कळवतात, तेव्हा त्यांना मैत्रीचा तह म्हणायचा असतो. सोरचा राजा हिराम इस्राएलचा राजा दावीद याच्यावर ‘प्रेम करणारा’ होता, असे 1 राजे 5:1 मध्ये आहे. म्हणजे तो त्याचा दोस्त राजा होता. सर्वांत ठळक पुरावा इ.स.पू. 672 चा. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने आपल्या मांडलिकांकडून शपथ घेतली, की युवराज अशुरबनिपालवर ते स्वतःच्या जिवाइतके प्रेम करतील. या शपथेच्या मातीच्या पाट्या 1955 मध्ये निमरूदला सापडल्या. 1963 मध्ये अभ्यासक विल्यम मोरान यांनी या भाषेशी बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या ‘आपल्या देवावर पूर्ण मनाने प्रेम कर’ या आज्ञेचा मेळ घालून दाखवला. भावना फर्मानाने उत्पन्न होत नाही. निष्ठेची मात्र आज्ञा करता येते, आणि ती मोडल्याचा दंडही लावता येतो.

त्याच पुस्तकातला ‘सगुल्ला’ हा शब्दही असाच तिजोरीतला आहे. भाषांतरांत त्याचे ‘खास प्रजा’, ‘निज धन’ असे होते. 1 इतिहास 29:3 मध्ये दावीद स्वतःच्या खासगी सोन्या-चांदीला हाच शब्द वापरतो. राज्याचा खजिना वेगळा आणि राजाने स्वतःकडे ठेवलेली पुंजी वेगळी. ही पुंजी का निवडली, याचे उत्तर अनुवाद 7:7-8 मध्ये आहे: तुम्ही संख्येने जास्त म्हणून नव्हे, तुम्ही तर सर्वांत थोडे होता, प्रभूचे तुमच्यावर प्रेम होते आणि त्याला पूर्वजांना दिलेली शपथ पाळायची होती. प्रेम का, तर प्रेम होते म्हणून! कारण एवढेच, आणि ते मुद्दाम गुणावर टेकवलेले नाही.

आता होशेयचा काळ. राजा दुसरा यराबाम याच्या सुबत्तेनंतर इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात सुमारे 25 वर्षांत सहा राजे झाले आणि त्यांतले चौघे मारले गेले. त्यांतल्या मनहेमने अश्शूरला 1,000 किक्कार (वजनाचे मोठे माप) चांदी देऊन गादी टिकवली आणि त्यासाठी प्रत्येक धनवंताकडून 50 शेकेल वसूल केले (2 राजे 15:19-20). दरबार कधी मिसरकडे झुके, कधी अश्शूरकडे. होशेय 8:9 मध्ये ‘एफ्राईमने (म्हणजे या उत्तरेच्या राज्याने) जार भाड्याने घेतले’ असे येते, ते या खंडणीबद्दल. ‘जार’साठीचा मूळ शब्द ‘अहावा’च्याच धातूचा आहे. तहातल्या ‘प्रेमा’ला होशेयने घरात आणून बसवले, की राजकारण आपोआप व्यभिचार ठरते. ही उपमा वरून चिकटवलेली नाही. शब्दातच दडलेली होती, त्याने ती उघडी केली.

दुसरा उघडा केलेला शब्द ‘बाल’. त्याचा अर्थ मालक, नवरा आणि पावसापाण्याचा कनानी देव, तिन्ही. गावाकडच्या मराठीत ‘धनी’ जसा मालकालाही आणि नवऱ्यालाही चालतो, तसेच हे. उत्तरेच्या राजधानीत, शोमरोनात, 1910 मध्ये सापडलेल्या खापरांवरच्या नोंदींत बाल आणि यहोवा या दोन्ही नावांवरून ठेवलेली माणसांची नावे शेजारीशेजारी आहेत. लोकांच्या मनात फरक पुसट झाला होता. होशेय 2:16 म्हणते: त्या दिवशी तू मला ‘बाली’ म्हणणार नाहीस, ‘ईशी’ म्हणशील. ‘माझा धनी’ जाऊन ‘माझा माणूस’ आले. (इब्री प्रतीत हे वचन शोधताना चूक होते. तिथे दुसरा अध्याय मराठी बायबलच्या 1:10 पासून सुरू होतो, म्हणून हे वचन 2:18 वर सापडते.)

अकराव्या अध्यायात नवरा मागे पडून बाप पुढे येतो: लहान असताना मी त्याच्यावर प्रेम केले, मिसरातून माझ्या मुलाला बोलावले. चौथ्या वचनात एका अक्षरचिन्हाचा घोळ आहे. ‘ओल’ वाचले तर मानेवरचे जू सैल करणारा, ‘ऊल’ वाचले तर तान्ह्या बाळाला गालाशी धरणारा. दोन्ही वाचनांना आधार आहे, पण आजूबाजूला चालायला शिकवणे आणि वाकून भरवणे आहे, त्यामुळे बाळ जास्त जुळते. इ.स.पू. 722 च्या सुमारास शोमरोन पडले.

संदेष्टा आमोस होशेयच्या थोडा आधीचा. निवडीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्याने तेव्हाच खोडला होता. ‘पृथ्वीवरच्या सर्व कुळांत मी तुम्हालाच ओळखले, म्हणून तुमच्या सर्व अपराधांबद्दल तुम्हाला शिक्षा करीन’ (3:2). या ‘म्हणून’वर वाचक अडखळतो, त्याला ‘तरीही’ हवे असते. पण मांडलिकाला ‘ओळखणे’ ही तहाचीच भाषा, आणि ज्याच्याशी करार, त्याच्याकडूनच हिशेब. पुढे 9:7 मध्ये तो इस्राएलला आफ्रिकेतल्या कूशी लोकांच्या रांगेत बसवतो आणि पलिष्ट्यांना कफतोराहून, अराम्यांना कीराहून आणणाराही हाच देव असल्याचे सांगतो. ‘निवडणे’ याचा नेहमीचा धातू ‘बाखर’ आमोस आणि होशेय यांच्यात नाही. तो भरभरून येतो अनुवादात, आणि नंतर बाबेलच्या बंदिवासात रचलेल्या यशया 40-55 मध्ये.

मधे संदेष्टा यिर्मया आहे. तो अनाथोथचा, उत्तरेच्या सीमेजवळचा, आणि होशेयची छाप त्याच्यावर स्पष्ट दिसते. सूटपत्र (घटस्फोटाचा कागद) देऊन सोडलेली बाई दुसऱ्याची झाल्यावर पहिल्याने परत घ्यायची नाही, हा अनुवाद 24 चा नियम. यिर्मया 3 मध्ये देव सूटपत्र देतो आणि नियम बाजूला ठेवून ‘परत ये’ म्हणतो. इ.स.पू. 586 ला यरुशलेम जळाल्यावर बंदिवासातला संदेष्टा उलट विचारतो: कुठे आहे ते सूटपत्र, दाखवा (यशया 50:1). दोन्ही विधाने एका ग्रंथात शेजारी राहिली, कुणी ती घासूनपुसून जुळवली नाहीत.

यिर्मया 31:20 मध्ये देवाची ‘आतडी’ एफ्राईमसाठी कळवळतात. इंग्रजी वाचकाला इथे तळटीप लागते, मराठीत आतडे तुटतेच. त्याच वचनातला ‘रहम’ हा धातू ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, या शब्दाच्या कुळातला. होशेयच्या मुलीचे ‘लो-रुहामा’ हे नाव त्याचाच नकार. यशया 49:15 मध्ये आईला पोटचे पोर विसरेल का, असे विचारताना पुन्हा तोच धातू येतो.

यहेज्केल 16 मात्र सोपे नाही. टाकलेली मुलगी, राणी, मग वेश्या, आणि तिच्यावरची उघड हिंसा. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात रब्बी एलिएझर यांनी हा अध्याय सार्वजनिक वाचनात नको म्हटले. आज स्त्रीवादी अभ्यासक विचारतात, की मारहाण करणारा नवरा हेच जर देवाचे चित्र, तर ते घरात कुणाच्या हाती पडते. प्रश्न रास्त आहे; उपमा म्हणून तो टाळता येत नाही.

मलाखी 1:2-3 मधल्या ‘याकोबावर प्रेम केले, एसावाचा द्वेष केला’ या ओळीने बरेच नुकसान केले आहे. इथला ‘साने’ हा शब्द अनुवाद 21:15 मध्ये दोन बायकांपैकी नावडतीला लागतो, आणि उत्पत्तीत याकोबाची बायको लेआ हिला. श्रावणातल्या कहाण्यांतली आवडती आणि नावडती, तोच हा जोड. तरी पुढची वचने अदोमच्या, म्हणजे एसावाच्या वंशाच्या, उजाड डोंगरांबद्दल आहेत, तेव्हा शब्द फार मऊ करूनही चालत नाही.

हे शब्द नंतर रोजच्या वापरात गेले. मुंबईत मांडवीला बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजाने 1796 मध्ये बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगचे नाव शार हारहमीम, म्हणजे ‘रहमी’चे दार, लो-रुहामामधला धातू तिथे नकाराशिवाय आहे. मशीद रेल्वे स्थानकाचे नाव याच ‘जुन्या मशिदी’वरून पडल्याचे सांगतात. आणि यहुद्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत तेफिलिनचा (शास्त्रवचने ठेवलेल्या डबीचा) चामडी पट्टा मधल्या बोटाला तीन वेढे घेतो, तेव्हा होशेय 2:19-20 म्हणतात: मी तुला कायमची वाग्दत्त करून घेईन. ‘वाग्दत्त करीन’ हे क्रियापद त्या दोन वचनांत तीनदाच येते.