अंश, छेद आणि डेल्टा विषाणू

२८ जुलै २०२५ रोजी, म्हणजे जागतिक हिपॅटायटिस दिनी, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की हिपॅटायटिस डी, म्हणजेच यकृताला सूज आणणारा डेल्टा विषाणू, हा आता माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत गेला आहे आणि नुसत्या हिपॅटायटिस बीच्या तुलनेत त्याच्यामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका दोन ते सहा पट होतो. दुसऱ्याच दिवशी साताऱ्यातल्या आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश आला : ‘नवी कावीळ, पाच टक्के लोकांना लागण!’ विषाणू नवा नाही. १९७७ मध्ये इटलीतील तुरिन येथे मारिओ रिझेत्तो यांना हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या यकृतपेशींत तो प्रथम दिसला. पाच टक्के हा आकडा मात्र खरा आहे, फक्त त्याचा छेद गळून पडला आहे. जगात ज्यांना हिपॅटायटिस बीचा जुनाट संसर्ग आहे त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्के लोकांना डेल्टाचीही लागण झालेली आहे, असे मूळ विधान आहे. छेद तोच का, हे कळण्यासाठी हा विषाणू जगतो कसा ते पाहावे लागते, आणि माझ्या मते साऱ्या विषाणुशास्त्रात याच्याइतकी सुरस हकीकत दुसरी नाही.

आंब्यावर बांडगूळ आपण पाहतोच, पण पश्चिम घाटात बांडगुळावर वाढणारे बांडगूळही आढळते. डेल्टा हा त्या जातीचा आहे. बी विषाणूने पछाडलेली यकृतपेशी विषाणूच्या बाहेरील आवरणाचे प्रथिन प्रमाणाबाहेर तयार करते; एका पूर्ण विषाणूमागे हजारो, कधी लाखभरही रिकामी आवरणे रक्तात सोडली जातात. रक्तपेढीत ‘एचबीएसएजी’ या नावाने जी चाचणी होते ती याच प्रथिनाची, आणि बीची लसही याच प्रथिनाची असते. डेल्टाला स्वतःचे आवरण बनवताच येत नाही. तो ही उतू गेलेली आवरणे अंगावर चढवतो आणि बी ज्या दाराने शिरतो त्याच दाराने पुढच्या पेशीत शिरतो. बी नसेल तर डेल्टाला एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाता येत नाही, म्हणून त्याचा छेद बीच्या रुग्णांचा.

आवरणाच्या आत असते ते अवघ्या १,७०० अक्षरांचे, कडे केल्यासारखे बंद असलेले आरएनए. करोनाच्या विषाणूचे आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचे असते, यावरून आकाराची कल्पना येईल. आरएनएची नक्कल करणारे विकरही (एन्झाइम) डेल्टाकडे नाही. एरवी आपला डीएनए वाचणारे पेशीचे विकर तो आपल्या कामाला जुंपतो. ते विकर त्या कड्यावरून घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते आणि एकामागोमाग एक नकलांची लांब माळ तयार होते. मग ते आरएनए स्वतःच स्वतःला ठरावीक जागी कापते, तुकड्यांची टोके जुळतात आणि नवी कडी तयार होतात. एवढ्या संपत्तीत त्याला एकच प्रथिन परवडते, पण गरज दोन प्रथिनांची असते. लहान प्रथिन १९५ अमिनो आम्लांचे असते आणि ते नकला चालू ठेवते. त्यानंतर ‘येथे थांबा’ असा तीन अक्षरी संकेत येतो. पेशीतलेच एक विकर काही नकलांत त्या संकेतातील एक अक्षर बदलते, थांबण्याच्या संकेताच्या जागी ट्रिप्टोफॅनचा संकेत येतो, वाचन पुढे सरकते आणि आणखी १९ अमिनो आम्ले जोडली जाऊन २१४ चे मोठे प्रथिन होते. त्याच्या शेपटीला पेशी एक स्निग्ध रेणू चिकटवते, आणि त्यामुळेच ते बीच्या आवरणाला धरून बसते. मोठे प्रथिन वाढू लागले की नकला मंदावतात आणि बांधाबांध सुरू होते. एका अक्षराच्या दुरुस्तीवर कारखान्याचे उत्पादन थांबून माल पाठवणी सुरू व्हावी, तसे हे आहे.

आता मोजणीकडे येऊ. २०१९ मधल्या, जगभरच्या अभ्यासांच्या एका संकलनाने बीच्या रुग्णांत डेल्टाचे प्रमाण १४.५७ टक्के आणि एकूण बाधित ६.२ ते ७.२ कोटी काढले. २०२० मधल्या दुसऱ्याने ४.५ टक्के आणि १.२ कोटी. दोन्ही प्रामाणिक आहेत. फरक नमुन्याचा आहे. दुसऱ्या संकलनातच यकृतरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्या बीच्या रुग्णांत हे प्रमाण १६.४ टक्के भरले. डेल्टामुळे यकृत लवकर खराब होते, त्यामुळे मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावी जाऊन मोजले तर तो जास्त सापडणारच. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको : दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते तेव्हाचा साखर उतारा आणि जानेवारी-फेब्रुवारीचा उतारा एक नसतो, आणि कोणत्याही एका महिन्याचा उतारा म्हणजे हंगामाची सरासरी नव्हे. दुसरी अडचण चाचणीची आहे. प्रतिपिंडे सापडली तर विषाणू कधीतरी येऊन गेला इतकेच कळते. तो आज मुक्कामाला आहे की नाही हे आरएनएच्या चाचणीने ठरते. म्हणून ‘बाधित’ हा शब्द कोणत्या चाचणीवरून वापरला, हेही पाहावे लागते.

देशादेशांतला फरकही मोठा आहे. मंगोलियात बीच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत डेल्टा आढळतो. इटलीत १९८७ मध्ये बीच्या सुमारे २३ टक्के रुग्णांत तो होता, १९९७ पर्यंत तो आठ टक्क्यांच्या आसपास आला. दरम्यान १९९१ मध्ये तेथे बीची लस सक्तीची झाली होती. बी नवीन माणसाला होईनासा झाला की डेल्टालाही नवे घर मिळेनासे होते. लस डेल्टाच्या विरोधात बनवलेली नसूनही त्याच्यावर चालते ती यामुळे, मात्र ज्याच्या शरीरात बी आधीच ठाण मांडून बसला आहे त्याला तिचा उपयोग नाही. बीच्या अशा जुन्या रुग्णाला नंतर डेल्टाची लागण झाली, तर बहुसंख्य जणांत तो कायमचा राहतो. दोन्ही एकदम आले तर बहुतेक वेळा दोन्ही जातात.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतील नमुन्यांवरून बीचे प्रमाण ०.९५ टक्के निघाले. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होती. केवळ उदाहरणादाखल हे प्रमाण आणि जागतिक पाच टक्के येथे लावले, तर बीचे २८,५०० आणि डेल्टाचे १,४२५ रुग्ण येतात. संदेशातला ‘पाच टक्के लोक’ हा आकडा मानला असता तर दीड लाख आले असते.

आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने गणेशोत्सवातील शिबिरात रक्त दिले आणि रक्तपेढीतून फोन आला की एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे. घरच्यांनी प्रथम त्याला काविळ उतरवणाऱ्याकडे नेले. वास्तविक त्याचे डोळे पिवळे नव्हते, लघवीही स्वच्छ होती. तेथे तळहातावर कसला तरी रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळे झाले आणि ‘उतरली’ असे सांगण्यात आले. आंब्याच्या सालीचा रस चुन्याच्या निवळीत पिवळा रंग देतो; निरोगी माणसाचे हात धुतले तरी देतो. हळदीला चुना लावला की ती लाल होते हे सांगलीच्या हळदपट्ट्यात कुणालाही ठाऊक आहे, आणि त्यासाठी कुणी दक्षिणा मागत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या गावात हे घडावे, याचे वाईट वाटले.

महिन्याभराने मुलगा डॉक्टरांकडे गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्याची डेल्टाची चाचणीही व्हावी. येथे ती होत नसल्याने नमुना पुण्याला पाठवावा लागला. चार दिवसांनी अहवाल आला : डेल्टाची प्रतिपिंडे आढळली नाहीत. छेदात एकाची भर पडली, अंशात नाही.