दोन महिन्यांच्या बर्फावर घडलेला संघ : भारतीय महिला आइस हॉकीच्या पदार्पणाची पार्श्वभूमी

माझी भाची कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बास्केटबॉल कोर्टवर रोज सकाळी स्केटिंग करते. मागच्या आठवड्यात पायातले स्केट्स सोडता सोडता तिने विचारलं, "मावशी, बर्फावरच्या स्केट्सना ब्रेकच नसतो, मग ते थांबतात कसे?" तिच्या चार चाकांच्या स्केट्सना पुढे रबराचा ठोकळा असतो. आइस हॉकीच्या स्केट्सना तसलं काही नसतं. गुडघे वाकवून दोन्ही पाती एका झटक्यात आडवी करायची. बर्फाचा कीस उडतो आणि खेळाडू जागच्या जागी थांबतो. उत्तर एवढंच होतं. पण असं थांबायला शिकण्यासाठी आपल्या देशातल्या मुलींना बर्फ शोधत किती फिरावं लागलं, ते तिला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

पुणेकरांना हॉकी म्हटलं की खडकी आठवते, धनराज पिल्ले आठवतो. आइस हॉकी हा निराळाच खेळ. साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटरपर्यंत रुंद रिंक, गोलरक्षक धरून एका संघाचे सहा जण, आणि चेंडूऐवजी 'पक' ही साडेसात सेंटिमीटर व्यासाची टणक रबरी चकती. वेग इतका की खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाकावर येतो आणि दुसरा आत जातो. पुण्यात आजवरचा नीचांक १९३५ च्या जानेवारीतला, १.७ अंश; म्हणजे आपल्याकडे डबकंसुद्धा कधी गोठायचं नाही. या खेळाला भारतात एकच खरं घर मिळालं, ते लडाख.

तिथे तो रुजला सत्तरच्या दशकात, लष्करातल्या जवानांमुळे. स्केट्स विकत मिळत नव्हते, तेव्हा लष्करी बुटांच्या तळव्यांना लोखंडी पाती ठोकून जवान गोठलेल्या तळ्यांवर उतरायचे. त्यांचं पाहून गावातली पोरं खेळू लागली. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब उभा राहिला आणि लेहच्या कारझू तळ्यावर हिवाळ्यात सामने रंगू लागले. साडेतीन हजार मीटर उंचीवर, जिथे सपाटीवरून गेलेल्या माणसाला जिना चढतानाही धाप लागते, तिथे ही मंडळी स्पर्धा खेळत होती.

लडाखी रिंक कशी तयार होते ते कळलं, की या खेळाडूंची चिकाटी समजते. जिथे तळं नाही तिथे सपाट जागेला मातीचा बांध घालतात आणि रात्री, पारा उतरला की, पाणी सोडतात. एक थर गोठला की वर दुसरा. सकाळी खरवडून, झाडून पृष्ठभाग सारखा करायचा, तोही हातानेच. इतकं करून बर्फ टिकतो डिसेंबरच्या मध्यापासून जेमतेम दोन महिने. ऊन वाढलं की संपलं. मुलींच्या वाट्याला त्यातलाही उरलासुरला वेळ यायचा, मुलांचा सराव आटोपल्यावरचा. स्केट्स भावांचे, अंगावरची संरक्षक साधनं मुलांच्या मापाची आणि उसनी. तरीही त्या येत राहिल्या.

कागदोपत्री गोष्टी मात्र बऱ्याच आधी झाल्या होत्या. भारत १९८९ मध्येच आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. पण पुरुषांचा संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला थेट २००९ मध्ये, अबुधाबीला. मधली वीस वर्षं नुसतं सदस्यत्व. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला बंदिस्त रिंक बांधली, तेव्हा वाटलं की आता बर्फाचा प्रश्न सुटला. तीही पुढे अनेक वर्षं बंद पडून राहिली. बांधलेली रिंक चालू ठेवायला दरमहा वीज आणि पैसा लागतो, याचा हिशोब आधी व्हायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

म्हणूनच मार्च २०१६ मध्ये महिला संघ तायपेईला आशिया चॅलेंज चषकात पदार्पण करायला निघाला, तेव्हा मुलींकडे वर्षभर सरावाला पूर्ण मापाची रिंक नव्हती. बहुतेक जणी लडाखच्या. प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली होती. उघड्या तळ्यावर खेळण्याची सवय असलेल्या मुली गुळगुळीत, भिंतींनी वेढलेल्या बर्फावर उतरल्या. आइस हॉकीत भिंतीवर आपटून परत येणारा पक हा खेळाचाच भाग असतो. तो कुठल्या कोनात उसळेल याचा अंदाज सरावानेच येतो, आणि मातीच्या बांधावर तो सराव कसा व्हायचा? स्पर्धेत एकही विजय मिळाला नाही. नुसता गुणफलक पाहून कुणी त्याला नामुष्की म्हटलं, तर ते मला मुळीच मान्य नाही.

पुढच्याच वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. या खेळात सामना संपला की दोन्ही संघ निळ्या रेषेवर उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत लागतं. 'जन गण मन' सुरू झालं तेव्हा मुलींना रडू आवरलं नाही. त्याच स्पर्धेत मलेशियालाही त्यांनी हरवलं. २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकेनहायझर, ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं मिळवलेली खेळाडू, साहित्य घेऊन लेहला शिकवायला आली, आणि त्याच वर्षी मुली तिच्या स्पर्धेसाठी कॅल्गरीला जाऊन आल्या.

जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे, वाळवंटातल्या एका रिंकवर, भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. लेहची तळी तेव्हा वितळून कित्येक महिने झाले होते.