ॲपडोमेन आणि असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट : प्लग-इन अनलोड करण्याच्या दोन पद्धती

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे एक रास्त मागणी येते : वजनकाट्याचा प्लग-इन (मुख्य प्रोग्रामला जोडलेला, स्वतंत्रपणे बदलता येणारा कोड) बदलावा, पण शिफ्ट चालू असताना मुख्य प्रोग्राम बंद पडू नये. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग मंचाच्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये हे काम ॲपडोमेन (एकाच प्रोसेसमधील कोडचा वेगळा कप्पा) करत असे, नव्या डॉटनेटमध्ये असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट (असेंब्ली, म्हणजे कोडच्या डीएलएल फाइली, वेगळ्या लोड करणारी सोय) करते. दोन्हींत ‘अनलोड’ (कोड मेमरीतून काढणारी) मेथड असल्यामुळे त्यांचे वागणेही सारखेच असेल, असे गृहीत धरले जाते; प्रत्यक्षात तसे नाही.

ॲपडोमेनमधील ऑब्जेक्ट मुख्य प्रोग्रामपर्यंत प्रॉक्सीमार्फत (मधल्या प्रतिनिधी ऑब्जेक्टमार्फत) किंवा सिरियलाइझ होऊनच (डेटाची प्रत बनूनच) पोहोचतो. अनलोडचा आदेश दिला की रनटाइम (प्रोग्राम चालवणारी डॉटनेटची यंत्रणा) त्या डोमेनमध्ये चाललेले थ्रेड (कोडचे समांतर प्रवाह) सक्तीने थांबवते, आणि ते जमले नाही तर एक्सेप्शन (एररची सूचना) देते. नव्या डॉटनेटमध्ये मात्र वेगळे ॲपडोमेन तयारच करता येत नाही.

असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट अनलोड करण्याची सोय २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३.० बरोबर आली, तीही कॉन्टेक्स्ट ‘कलेक्टिबल’ (मेमरीतून काढता येण्याजोगा) म्हणून तयार केला असेल तरच. येथे अनलोड मेथड प्रक्रिया फक्त सुरू करते. कोणत्याही थ्रेडच्या कॉलस्टॅकवर (चालू मेथडच्या यादीत) प्लग-इनची मेथड उरली नाही आणि बाहेरून त्याच्या ऑब्जेक्टचा एकही रेफरन्स राहिला नाही, तेव्हाच ती पूर्ण होते. समजा, प्लग-इनने मुख्य विंडोच्या ‘वजन बदलले’ या इव्हेंटला (घटनेला) हँडलर, म्हणजे ती घडल्यावर चालणारी मेथड, जोडला आणि जाताना काढला नाही. एररचा संदेश येत नाही, पण कोड मेमरीतच राहतो, आणि जुनी डीएलएल फाइल डिलीट करू गेल्यास ती वापरात असल्याचे विंडोज सांगते. म्हणून अनलोडनंतर कॉन्टेक्स्टचा वीक रेफरन्स (ऑब्जेक्टला मेमरीत धरून न ठेवणारा रेफरन्स) जवळ ठेवून, गार्बेज कलेक्शन (न वापरलेली मेमरी मोकळी करण्याची प्रक्रिया) काही वेळा चालवून, तो खरोखर मोकळा झाला का हे तपासलेच पाहिजे. माझ्या मते ही तपासणी प्रत्येक प्लग-इनच्या टेस्टमध्ये असावी. लोड-अनलोडचा कोड इनलाइन न होणाऱ्या (कंपायलर बोलावणाऱ्या मेथडमध्येच मिसळणार नाही अशा) स्वतंत्र मेथडमध्ये ठेवावा, नाहीतर एखादे लोकल व्हेरिएबलच कॉन्टेक्स्टला धरून ठेवते.

सामाईक इंटरफेसची (मुख्य प्रोग्राम आणि प्लग-इन दोघेही वापरतात त्या मेथडच्या कराराची) असेंब्ली मात्र मुख्य कॉन्टेक्स्टमध्येच लोड व्हावी. ती दोन्हीकडे लोड झाली तर एकाच नावाचे दोन वेगळे टाइप होतात आणि कास्ट (एक टाइप दुसरा म्हणून वापरणे) फसतो.

अनोळखी व्यक्तीच्या प्लग-इनसाठी असेंब्लीलोडकॉन्टेक्स्टमध्ये सुरक्षेची कोणतीही भिंत नाही. प्लग-इनच्या स्वतःच्या थ्रेडवरील न हाताळलेला एक्सेप्शन तर दोन्ही पद्धतींत संपूर्ण प्रोग्राम बंद पाडतो. असा प्लग-इन वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या प्रोसेसमध्ये चालवावा आणि त्याच्याशी नेम्ड पाइपमधून (दोन प्रोसेसमधील नाव दिलेल्या संदेशमार्गातून) बोलावे.