नाळेतलं रक्त साठवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

सातवा महिना लागला की कुणीतरी पत्रक हातात देतंच, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा म्हणून, आणि मग घरात चर्चा सुरू होते. तर आधी हे कुणी करावं ते सांगते. मोठ्या मुलाला थॅलेसेमिया किंवा ब्लड कॅन्सरसारखा, बोनमॅरो ट्रान्सप्लांट लागेल असा आजार असेल तर त्याच्या डॉक्टरांशी लगेच बोला, उशीर करू नका, कारण नाळेतल्या रक्तातल्या मूळ पेशी बोनमॅरोऐवजी देता येतात आणि सख्ख्या भावंडांचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळायची शक्यता 25 टक्के असते. 1988 साली पॅरिसला असं पहिलं ट्रान्सप्लांट झालं तेही बहिणीच्या नाळेतलं रक्त भावाला देऊनच.

घरात असा आजार नसेल तर ईएमआय लावून हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषदसुद्धा सरसकट खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. बाळालाच पुढे थॅलेसेमिया निघाला तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो, मग त्या परत त्यालाच देऊन काय उपयोग?

करायचंच ठरलं तर हे रक्त साठवणाऱ्या बँकेचं लायसन्स मागा, फॉर्म 28-एफ मधलं, मुदत संपलेली नाही ना ते बघा. आणि नाळेचा टिश्यू, वार (प्लॅसेंटा), दुधाचे दात असलं काही पॅकेजमध्ये असेल तर नको म्हणा, कारण आयसीएमआरच्या नियमात फक्त नाळेतलं रक्त साठवायला परवानगी आहे.

कागदपत्रं फार नाहीत, आईवडिलांचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांची फाईल आणि करारनामा. मुख्य म्हणजे आईची संमती, ती कळा सुरू व्हायच्या आधी, नीट वाचून, तिनेच सही करायची. खर्च विचारताना जीएसटी धरून विचारा, 18 जुलै 2022 पासून त्याची माफी गेली.

रक्त गोळा करायचं बँकेचं किट आठव्या महिन्यातच घरी आणून हॉस्पिटलच्या बॅगेशेजारी ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, उन्हातल्या गाडीत तर नकोच. नॉर्मल असो की सिझेरियन, नाळ कापल्यावर तिच्या शिरेतून रक्त पिशवीत घेतात, पाच-दहा मिनिटांचं काम, बाळाला किंवा आईला दुखत नाही. आईचंही रक्त घेतात, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया वगैरे तपासायला. पण पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने कापू देऊ नका, निदान एक मिनिट थांबावं असं डब्ल्यूएचओ सांगते, ते रक्त बाळाच्या अंगात जायला हवं, हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

नंतर बँकेकडून नुसतं सर्टिफिकेट घेऊ नका, पेशींची संख्या, त्यातल्या जिवंत किती आणि जंतुसंसर्ग आहे का याचा रिपोर्ट मागून घ्या. संख्या कमी निघाली तर पैसे परत मिळतात का, हे करारात सही करायच्या आधीच बघायचं.