टॉर्नेडोनंतरचं गाव, चक्रीवादळानंतरचं गाव

अमेरिकेत टॉर्नेडो आला की आपल्या वाहिन्यांवर ‘अमेरिकेत चक्रीवादळाचं थैमान’ अशी पट्टी फिरते. वारा दोन्हीकडे गरगरतो, छपरं दोन्हीकडे उडतात, मग पाहणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. पण वारा पडल्यानंतरच्या सकाळी गावात काय उरलंय ते पाहिलं, तर ही दोन संकटं सख्खी सोडाच, चुलत भावंडंही वाटत नाहीत. मदतीला कोण येतं, पैसा कुठून येतो, काय दुरुस्त होतं आणि काय कायमचं जातं, सगळा हिशोबच निराळा.

आधी थोडक्यात शास्त्र. चक्रीवादळ कोमट समुद्रावर तयार होतं, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो आणि ते काही दिवस जगतं. अमेरिकेतलं हरिकेन म्हणजे हेच. टॉर्नेडो गडगडाटी वादळाच्या ढगातून जमिनीवर उतरतो. त्याची रुंदी बहुतेक वेळा फार तर काहीशे मीटर आणि आयुष्य दहा मिनिटांच्या आतलं. पण तेवढ्या जागेतला जोर विचारू नका. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. २२ मे २०११ ला मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन शहरातून गेलेल्या टॉर्नेडोतला वारा ताशी ३२० किलोमीटरच्या वर होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो (वेग दुप्पट तर दाब चौपट), म्हणजे जॉप्लिनच्या भिंतींवरचा रेटा श्रीवर्धनच्या भिंतींवरच्या रेट्याच्या सात-आठ पट. श्रीवर्धनला कौलं आणि पत्रे गेले. जॉप्लिनमध्ये टॉर्नेडोच्या वाटेवरच्या कित्येक घरांचा फक्त काँक्रीटचा तळ उरला.

आता ती वाट. जॉप्लिन हे पन्नास हजार वस्तीचं शहर. टॉर्नेडो पश्चिमेकडून आला आणि शहराच्या मधून आडवा निघून गेला, सगळ्यात रुंद जागी दीड किलोमीटरच्या आसपास. १५८ माणसं गेली, सात हजारांहून जास्त घरांची मोडतोड झाली. पण त्या पट्ट्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला शहर होतं तसं होतं. घरं उभी, गाड्या दारात, माणसं धडधाकट. त्यामुळे ढिगाऱ्यापाशी सगळ्यात आधी पोचला तो चार गल्ल्या पलीकडचा माणूस, पिकअप घेऊन. उखडलेली दारं स्ट्रेचर झाली, मालाच्या गाड्या रुग्णवाहिका झाल्या. सेंट जॉन्स हे तिथलं नऊमजली रुग्णालय थेट टॉर्नेडोच्या तोंडी सापडलं. खिडक्या गेल्या, जनरेटरही गेला. १८३ रुग्ण अंधाऱ्या जिन्यांवरून खाली आणायला कर्मचाऱ्यांना दीड तास लागला. आणि थोड्याच अंतरावरचं फ्रीमन रुग्णालय शाबूत होतं! जखमींची रीघ तिकडे लागली. टॉर्नेडोनंतरचं सावरणं समजून घ्यायचं तर ही दोन रुग्णालयं डोळ्यांपुढे ठेवावीत. एक संपलेलं, दुसरं चालू, आणि मध्ये चालत जाण्याइतकं अंतर.

चक्रीवादळानंतर असं ‘पलीकडे’ काही नसतं. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली असे तालुकेच्या तालुके एकदम आडवे झाले होते. शेजारच्या गावाला हाक मारावी तर त्याचेही विजेचे खांब पडलेले, त्याचाही रस्ता झाडांनी अडलेला. मोबाइलचे टॉवर बंद, वीज काही ठिकाणी कित्येक आठवडे नाही. मदत यायची ती मुंबई-पुण्याकडून, आणि तेव्हा तर करोनाची टाळेबंदी चालू. जीवितहानी मात्र एक अंकी राहिली, कारण दोन दिवस आधी इशारा मिळाला होता आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवलं होतं. कागदपत्रं पिशवीत भरून, गुरं सोडून, माणसं शाळेत जाऊन बसली होती.

जॉप्लिनला टॉर्नेडोचा इशारा मिळाला तो सतरा मिनिटं आधी. तिथल्या मानाने ही वेळ चांगलीच म्हणायची. भोंगा दोनदा वाजला, संध्याकाळी ५:११ ला आणि ५:३८ ला. नंतरच्या सरकारी पाहणीत दिसलं की पहिल्या भोंग्याला बऱ्याच जणांनी काही केलं नाही. तो नेहमीच वाजतो, म्हणून लोकांनी आधी बाहेर डोकावलं, टीव्ही लावला, कुणाला तरी फोन केला. ज्यांना त्यांच्यावर बेफिकिरीचा शिक्का मारायचाय त्यांनी जुलैतले आपले ‘रेड अलर्ट’ आठवावेत.

उडून गेलेलं आणि भिजून गेलेलं

घरातल्या वस्तूंचं काय होतं, यातही फरक आहे आणि तो चटका लावणारा आहे. चक्रीवादळात छप्पर उघडं पडतं, पाऊस आत येतो आणि सगळं जागच्या जागी नासतं. धान्य, गाद्या, फ्रीज, पेटीतला सातबारा. ‘निसर्ग’नंतर आठवड्याभरातच मान्सून कोकणात आला, त्यामुळे ताडपत्री अंथरून होईतो दुसऱ्यांदा भिजणं नशिबी आलं. टॉर्नेडोत वस्तू घरात राहतच नाही. २७ एप्रिल २०११ ला अलाबामा आणि आसपासच्या राज्यांत टॉर्नेडोंची रांगच लागली. त्यानंतर दूरदूरच्या अंगणांत अनोळखी लोकांचे फोटो, धनादेश, प्रमाणपत्रं पडलेली सापडली. कुणीतरी फेसबुकवर पान उघडलं, लोक सापडलेला कागद तिथे टाकू लागले आणि शेकडो वस्तूंची ओळख पटली. वातावरणशास्त्रज्ञांनी याच पानावरच्या नोंदी घेऊन अंतरं मोजली. एक फोटो साडेतीनशे किलोमीटर उडत गेला होता, म्हणजे जवळपास मुंबईहून कोल्हापूर. घर गेलेल्या माणसाला घरातली एकुलती एक उरलेली वस्तू टपालाने परत येते, हे चक्रीवादळात घडत नाही.

सेंट जॉन्सचे एक्स-रे आणि कागद असेच शंभरेक किलोमीटरवर सापडले. योगायोगाने रुग्णालयाने तीनच आठवड्यांपूर्वी सगळ्या नोंदी संगणकावर घेतल्या होत्या, म्हणून कुणाला कोणतं औषध चालू आहे हे तंबूतल्या तात्पुरत्या दवाखान्यातही कळत होतं.

त्या वाऱ्याने माणसांच्या शरीरातही बरंच काही घुसवलं. माती, लाकडाच्या फाळकुट्या, काचा. काही दिवसांनी जॉप्लिनच्या जखमी लोकांच्या शिवलेल्या जखमा आतून काळ्या पडू लागल्या. तो म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार होता. होय, २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालेला तोच आजार, फक्त बुरशीची जात वेगळी. आपल्याकडे ती बहुतेक नाकातून डोळ्यांकडे गेली, मधुमेह आणि स्टेरॉइडच्या वाटेने. जॉप्लिनमध्ये ती मातीने माखलेल्या जखमेतून गेली, चांगल्या धडधाकट माणसांतही. १३ जणांना झाला, पाच दगावले. चक्रीवादळानंतर आरोग्य खात्याची नजर असते दूषित पाण्यावर, लेप्टोवर, डेंग्यूवर. टॉर्नेडोनंतर ती जखमांवर असावी लागते, आणि तीही जखम शिवून झाल्यावरसुद्धा.

पैसा

इथे अमेरिकेतलेच टॉर्नेडो आणि हरिकेन शेजारी ठेवून पाहिले तर जास्त नीट कळतं. तिथल्या साध्या गृहविम्यात वाऱ्याने झालेलं नुकसान सहसा धरलेलं असतं, पुराचं नसतं. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुतेक सरकारी योजनेतून मिळतो. त्यामुळे टॉर्नेडोवाल्याचा दावा निदान कारणावरून अडत नाही. घर वाऱ्याने नेलं, एवढ्यावर कुणी वाद घालत नाही. हरिकेनवाल्याचं तसं नाही. २००५ च्या कट्रीना हरिकेननंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर नुसता घराचा तळ उरलेल्या लोकांना विमा कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं की घर आधी वाऱ्याने पडलं की समुद्राच्या लाटेने. जॉप्लिनचं नुकसान पावणेतीन अब्ज डॉलरच्या घरात गेलं आणि शहर पुन्हा उभं राहिलं त्यात विम्याचा वाटा फार मोठा. पण विमा घराच्या मालकाला मिळतो. भाडेकरूला स्वस्त खोली परत मिळत नाही, कारण तिथे नवीन बांधलेली खोली स्वस्त नसते.

कोकणात घराच्या विम्याचा प्रश्नच फारसा नव्हता. प्रश्न होता वाडीचा. नारळ मुळासकट उलटलेला, सुपारी मधोमध मोडलेली, आणि ते सगळं एकमेकांत गुंतून पडलेलं. नवं रोप लावण्याआधी ते कापून बाहेर काढायचं, त्यालाच मजुरी द्यायची. सरकारने बागांसाठी हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर केली, पण श्रीवर्धनकडची वाडी मोजायची ती गुंठ्यांत, आणि तिच्यात नारळाखाली सुपारी, सुपारीखाली जायफळ-मिरी. हेक्टरचं माप तिथे बसेना. मग ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. सुपारीला पुन्हा उत्पन्न यायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे घर दोन महिन्यांत शाकारलं तरी घर चालवणारी वाडी आता कुठे हाताशी येत असेल. चक्रीवादळ घर बरंचसं ठेवतं आणि पोट नेतं. टॉर्नेडो बहुतेक वेळा याच्या उलट करतो: घर नेतो, पण पट्ट्याबाहेरची नोकरी, शेत, बँक टिकतात.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण गाव लहान असेल तर पट्टा गावापेक्षा रुंद भरतो. ४ मे २००७ च्या रात्री कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्गवर उतरलेला टॉर्नेडो पावणेतीन किलोमीटर रुंद होता आणि गाव त्याच्या पोटात मावलं. ९५ टक्के बांधकाम गेलं. घरोघरी तळघरं होती म्हणून मृतांचा आकडा डझनाच्या आसपास राहिला. गावाने जिद्दीने पर्यावरणपूरक पद्धतीने बांधायचं ठरवलं, पवनचक्क्या उभारल्या, जगभरातून पत्रकार येऊन गेले. पण २००० साली १,५७४ असलेली वस्ती २०१० ला ७७७ होती. गाव देखणं झालं आणि निम्मं झालं. कौतुकाच्या लेखांत हा दुसरा आकडा जरा खाली छापलेला असतो.

जॉप्लिनच्या शाळाखात्याला नेमकी हीच धास्ती होती. मुलांची नावं एकदा दुसऱ्या गावातल्या शाळेत पडली की आई-बाप परत येत नाहीत. म्हणून टॉर्नेडोनंतर काही दिवसांतच जाहीर केलं, शाळा १७ ऑगस्टला, ठरल्या दिवशी सुरू होणार. हायस्कूलची इमारत तर उद्ध्वस्त झाली होती. अकरावी-बारावीचे वर्ग मॉलमधल्या एका रिकाम्या मोठ्या दुकानात भरवले, मुलांच्या हाती लॅपटॉप दिले. त्यासाठीचे दहा लाख डॉलर संयुक्त अरब अमिरातीने दिले होते, हे ऐकून आखातात राहिलेल्या मराठी वाचकांना गंमत वाटेल. नवीन हायस्कूल २०१४ मध्ये उघडलं, नवीन रुग्णालय मार्च २०१५ मध्ये. मधल्या काळात पन्नास हजारांच्या या शहरात पावणेदोन लाखांहून जास्त स्वयंसेवक काम करून गेले. पट्टा अरुंद असण्याचा हाही एक फायदा: आलेल्या माणसाला राहायला, जेवायला, झोपायला शेजारीच धड जागा मिळते.

शेजार धड असला तरच, अर्थात. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात सातुरिया आणि दौलतपूर भागांवरून गेलेल्या टॉर्नेडोत सुमारे १,३०० लोक मेले. जगातला हा सगळ्यात जीवघेणा टॉर्नेडो समजतात. इशारा नाही, तळघर नाही, घरं बांबूची आणि पत्र्याची. उडणारा पत्रा माणसं कापत गेला. तिथेही वाट अरुंदच होती, पण वाटेबाहेरच्या गावाकडे ना दवाखाना होता ना गाडी.

पुढच्या वेळची तयारीही दोन वाटांनी जाते. किनाऱ्यावर ती सार्वजनिक असते: निवारे, भूमिगत वीजवाहिन्या, अलिबागला झाल्या तशा. टॉर्नेडोच्या मुलुखात एवढा वेळ नसल्यामुळे निवारा घरातच लागतो, जिन्याखाली किंवा गॅरेजच्या जमिनीत पुरलेली पोलादी खोली. ओक्लाहोमातल्या मूर गावात २० मे २०१३ च्या टॉर्नेडोत एका प्राथमिक शाळेत सात मुलं गेली, त्यानंतर गावाने वर्षभरात घरबांधणीचे नियमच बदलले. नवीन घर ताशी २१५ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकलं पाहिजे असं ठरलं. यासाठी छपराचे वासे भिंतीला जखडायला जे लोखंडी तुकडे वापरतात ते मूळचे फ्लोरिडाकडचे, हरिकेनसाठीचे. टॉर्नेडोच्या ऐन गाभ्यात त्यांचा काही उपयोग नाही. पण वाटेवरच्या बऱ्याचशा घरांना कडेचा, कमी जोराचा वारा लागतो, आणि तिथे छप्पर जागेवर राहिलं की भिंती राहतात. बिल्डरांनी खर्च वाढेल म्हणून कुरकुर केली होती. वाढ निघाली चौरस फुटामागे साधारण एक डॉलर.